पैसा तोच, मोल नवे : पायथन भाषेची तिसरी आवृत्ती

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होत आणि आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट. त्या दिवसापासून रुपयाचे पैसे शंभर झाले. आणा हे नाणे नव्या पद्धतीत उरलेच नाही. पैसा मात्र राहिला. पण त्याचे मोल बदलले. कालचा पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग होता, आजचा शंभरावा भाग झाला.

आता विचार करा. यांतला कोणता बदल अधिक घोटाळ्याचा? आणा गेला हे सर्वांना दिसत होते. परंतु दुकानदाराने ‘दहा पैसे’ म्हटले, तर ते जुने की नवे? शब्द तोच, अर्थ निराळा! म्हणूनच सरकारने नव्या नाण्यावर ‘नया पैसा’ असे छापले आणि जुनी नाणीही काही वर्षे चालू ठेवली. लोकांच्या अंगवळणी पडल्यावर १९६४ साली ‘नया’ हा शब्द वगळण्यात आला.

पहिल्या प्रकारच्या बदलाला आपण ‘उघड बदल’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘छुपा बदल’. संगणकाच्या भाषांतही असे दोन्ही प्रकारचे बदल होतात. त्याचे एक चांगले उदाहरण म्हणजे पायथन या भाषेची तिसरी आवृत्ती. ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यात काय बदलले, का बदलले आणि त्यापासून आपण काय शिकायचे, ते या लेखात पाहू.

(या लेखात आज्ञा व आकडे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर करून पाहताना ते रोमन लिपीत द्यावेत.)

भाषा आणि तिची आवृत्ती

संगणकाला काम सांगण्यासाठी आपण क्रमाने आज्ञा लिहितो. आज्ञांच्या या मालिकेला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. आज्ञा कशा लिहायच्या आणि प्रत्येकीचा अर्थ काय, याचे नियम म्हणजे संगणकाची भाषा. माणसांची भाषा हळूहळू, कोणी न ठरवता बदलते. संगणकाची भाषा मात्र ठरवून, तारीख लावून बदलावी लागते. प्रत्येक बदललेल्या नियमसंचाला आवृत्ती म्हणतात आणि तिला क्रमांक देतात.

पायथनचा जनक खीडो व्हान रॉसम हा डच गणिती. अ‍ॅमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत काम करीत असताना १९८९ च्या डिसेंबरात त्याने या भाषेस आरंभ केला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती इतरांना खुली केली. भाषेचे नाव अजगरावरून ठेवलेले नाही. बीबीसीवरील ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी कार्यक्रमावरून ते घेतले आहे. दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २००० मध्ये आली.

भाषा वापरात आली की तिच्यातील उणिवा ध्यानात येऊ लागतात. पण एव्हाना त्या भाषेत असंख्य आज्ञावल्या लिहून झालेल्या असतात. उणीव दूर करावी तर त्या बंद पडतात. न करावी तर नवा विद्यार्थी जन्मभर तीच उणीव पाठ करतो. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी पायथनच्या कर्त्यांनी पहिला मार्ग पत्करला. जुन्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालणार नाहीत, असे त्यांनी आधीच जाहीर केले.

भागाकाराचा छुपा बदल

सर्वांत महत्त्वाचा बदल अगदी साध्या चिन्हात झाला. ते चिन्ह म्हणजे भागाकाराची तिरपी रेघ.

अकोल्याचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहेच. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. जुन्या काळी तापमानाच्या नोंदी फॅरनहाइट अंशांत ठेवीत. समजा, एका जुन्या नोंदवहीत ११३ अंश फॅरनहाइट असा आकडा आहे आणि तो आपल्याला सेल्सिअसमध्ये हवा आहे. फॅरनहाइट आकड्यातून ३२ वजा करायचे आणि उरलेल्या संख्येला पाच-नवमांशाने गुणायचे, हे सूत्र तुम्ही शिकला आहात. ११३ वजा ३२ म्हणजे ८१. त्याचे पाच-नवमांश म्हणजे बरोबर ४५.

आता हेच सूत्र पायथनच्या दोन्ही आवृत्त्यांना देऊ. फुली म्हणजे गुणाकार, तिरपी रेघ म्हणजे भागाकार.

५ / ९ × (११३ − ३२)
दुसरी आवृत्ती : ०
तिसरी आवृत्ती : ४५.०

अकोल्याच्या मे महिन्यात शून्य अंश! असे का व्हावे? दुसऱ्या आवृत्तीचा नियम असा होता की, दोन पूर्णांकांचा भागाकार हा पूर्णांकच असला पाहिजे. दशांश भाग टाकून द्यायचा. पाचाला नवाने भागले की ०.५५५… येतात, दशांश भाग टाकला की उरले शून्य. शून्याला ८१ ने गुणले, उत्तर शून्य.

शून्य आले तर निदान आपण दचकतो. त्याहून वाईट प्रकार पुढे आहे. सूत्राचा क्रम बदलून आधी गुणाकार आणि मग भागाकार करू.

(११३ − ३२) × ५ / ९
दुसरी आवृत्ती : ४५
तिसरी आवृत्ती : ४५.०

(१०० − ३२) × ५ / ९
दुसरी आवृत्ती : ३७
तिसरी आवृत्ती : ३७.७७७…

पहिल्या उदाहरणात ४०५ ला ९ ने निःशेष भाग जातो, म्हणून दुसरी आवृत्तीही बरोबर ठरली. दुसऱ्या उदाहरणात ३४० ला ९ ने निःशेष भाग जात नाही, म्हणून पाऊण अंशाहून अधिक चूक झाली. ३७ हा आकडा दिसायला अगदी शहाणा आहे. तो पाहून कोणालाही शंका येणार नाही. ज्वराच्या नोंदी असतील तर ३७ अंश म्हणजे निरोगी माणूस आणि ३७.८ अंश म्हणजे ताप आलेला माणूस! संगणकाने चूक झाल्याची सूचना दिली नाही, कारण त्याच्या नियमाप्रमाणे चूक झालीच नव्हती.

पूर्णांकी भागाकाराचा हा नियम पायथनने ‘सी’ या भाषेतून घेतला होता. तेथे तो तितकासा जाचत नाही. ‘सी’ मध्ये प्रत्येक चल पूर्णांकाचा आहे की दशांशाचा, हे आधी लिहून द्यावे लागते. त्यामुळे भागाकार कोणता होणार हे आज्ञावली वाचून कळते. पायथनमध्ये असे लिहून द्यावे लागत नाही. परिणामी, एकाच सूत्राला कोणी १०० दिले तर एक उत्तर आणि १००.० दिले तर दुसरे! भौतिकशास्त्रात १०० अंश आणि १००.० अंश यांत मोजमापाच्या अचूकतेचा फरक आहे. पण म्हणून सूत्राचे गणित बदलत नाही. भाषेने तसे करणे हीच उणीव होती.

तिसऱ्या आवृत्तीत एक तिरपी रेघ म्हणजे नेहमीचा, दशांशासह भागाकार. पूर्णांकी भागाकार हवा असेल तर दोन तिरप्या रेघा द्यायच्या. ५० पेढे ८ मुलांत वाटायचे तर ५० // ८ म्हणजे ६ प्रत्येकी, आणि बाकी काढण्यासाठी ५० % ८ म्हणजे २ उरले. दोन्ही कामे उपयोगाचीच आहेत. मात्र दोन कामांना दोन चिन्हे हवीत.

दोन रेघांचे हे चिन्ह तिसऱ्या आवृत्तीत अचानक आलेले नाही. ते २००१ च्या डिसेंबरात, म्हणजे सात वर्षे आधी, २.२ या आवृत्तीत दाखल झाले होते. शिवाय, ‘मला भविष्यातला भागाकार आजच हवा’ अशा अर्थाची एक ओळ आज्ञावलीच्या माथ्यावर लिहिली की जुन्या आवृत्तीतही नवा भागाकार मिळत असे. नाण्यावरच्या ‘नया’ या शब्दासारखीच ही तजवीज.

‘अकोला’ या शब्दात अक्षरे किती?

दुसरा मोठा बदल आपल्या लिपीशी निगडित आहे. संगणक अक्षरे साठवीत नाही, संख्या साठवतो. ० ते २५५ मधील एक संख्या मावेल एवढ्या जागेला बाइट म्हणतात. इंग्रजीची अक्षरे, अंक व विरामचिन्हे मिळून १२८ संकेतांकांत बसतात. म्हणून एक अक्षर म्हणजे एक बाइट, हा हिशेब बरीच वर्षे चालला. देवनागरी, तमिळ, चिनी अशा साऱ्या लिप्यांना एकाच यादीत संकेतांक देणारी युनिकोड ही पद्धती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर पायथनचा जन्म होऊन आठ महिने लोटले होते. त्यामुळे जुन्या पायथनला मजकूर म्हणजे बाइटांची रांग एवढेच ठाऊक होते.

युनिकोडमधील चिन्हे साठवण्याची सर्वांत रूढ रीत ‘यूटीएफ-८’ ही आहे. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आता लांबी मोजण्याची ‘लेन’ ही आज्ञा ‘अकोला’ या शब्दावर चालवा.

दुसरी आवृत्ती : १५
तिसरी आवृत्ती : ५

दुसऱ्या आवृत्तीने बाइट मोजले, तिसरीने चिन्हे मोजली. पण आपण तर तीनच अक्षरे मोजतो : अ, को, ला! मग पाच कशी? युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. म्हणून अ, क, ओकाराची खूण, ल आणि काना अशी पाच चिन्हे झाली. म्हणजे तिसरी आवृत्ती आपल्या अक्षरगणनेपर्यंत पोचलेली नाही, हे ध्यानात ठेवा. मात्र दुसरीत शब्दाचे पहिले अक्षर मागितले की ‘अ’ चा एक तृतीयांश तुकडा हाती येई आणि पडद्यावर निरर्थक खूण उमटे. तिसरीत पुरता ‘अ’ मिळतो.

दुसऱ्या आवृत्तीत युनिकोड मजकुरासाठी निराळी सोय होती. परंतु साधा मजकूर आणि युनिकोड मजकूर एकमेकांत मिसळले तर काय होई? साधा मजकूर इंग्रजी असेपर्यंत सारे सुरळीत चाले. पहिले मराठी नाव आले की आज्ञावली अडून बसे. कल्पना करा, एखाद्याने गावांची यादी तयार करणारी आज्ञावली लिहिली, इंग्रजी नावांवर तपासली, ती उत्तम चालली. आणि ज्या दिवशी ‘मूर्तिजापूर’ हे नाव देवनागरीत आले त्याच दिवशी थांबली. इंग्रजी लिहिणाऱ्याला जी उणीव दिसतच नव्हती ती मराठी, तमिळ, जपानी लिहिणाऱ्याला पावलोपावली नडत होती. तिसऱ्या आवृत्तीत मजकूर आणि बाइट या दोन वस्तू पूर्ण वेगळ्या केल्या आहेत. त्या मिसळू गेलात तर पहिल्याच दिवशी, इंग्रजी नावावरच, चुकीची सूचना मिळते.

आणखी एक गंमत. तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात. ‘तापमान’ हे नाव सरळ वापरा. ‘इंट’ या आज्ञेला देवनागरी अंकांतला ‘४५’ हा मजकूर दिला तर तिला तो वाचता येतो. मात्र आज्ञावलीत संख्या म्हणून थेट देवनागरी अंक लिहिले तर ते चालत नाहीत. शिवाय भाषेचे मूळ शब्द रोमनच राहिले आहेत.

गप्प चुका बोलक्या झाल्या

पुढील बदल लहान आहेत. पण त्यांच्यामागचे सूत्र एकच आहे.

समजा, पर्जन्यमापकाच्या तीन दिवसांच्या नोंदी १२, ‘नोंद नाही’ आणि ३० अशा आहेत. सर्वांत मोठी नोंद कोणती, असे विचारले तर दुसरी आवृत्ती उत्तर देई : ‘नोंद नाही’! कारण कोणतीही संख्या मजकुरापेक्षा लहान, असा तिचा एक मनमानी नियम होता. तिसरी आवृत्ती स्पष्ट सांगते की संख्येची व मजकुराची तुलना होऊ शकत नाही. मीटर आणि किलोग्रॅम यांत मोठे कोण, असे आपण विचारत नाही, तसेच हे.

दुसऱ्या आवृत्तीत ०१० असे लिहिले तर त्याची किंमत दहा नव्हे, आठ होई. आरंभी शून्य असले की संख्या अष्टमान पद्धतीतली समजावी, ही ‘सी’ भाषेचीच जुनी रूढी. तिसऱ्या आवृत्तीत ०१० लिहिणे हीच चूक धरली जाते. अष्टमान संख्या हवी असेल तर शून्यानंतर इंग्रजी ‘ओ’ अक्षर लिहून तसे सांगावे लागते.

पडद्यावर उत्तर छापणाऱ्या ‘प्रिंट’ या आज्ञेला आता कंस द्यावे लागतात. याचा बोभाटा सर्वांत जास्त झाला, कारण ही आज्ञा प्रत्येकाच्या आज्ञावलीत असतेच. पण विचार केला तर हा ‘आणा’ आहे, ‘पैसा’ नव्हे. कंस विसरलात तर संगणक लगेच अडवतो. दुरुस्ती दोन सेकंदांची.

‘इनपुट’ या आज्ञेचे मात्र तसे नाही. दुसऱ्या आवृत्तीत वापरणाऱ्याने १५ टंकित केले की ती संख्या समजली जाई. एवढेच नव्हे, त्याने एखादी आज्ञा टंकित केली तर तीही पाळली जाई! आपल्या आज्ञावलीत परक्याने हवी ती आज्ञा घुसवावी, हे धोक्याचे. म्हणून तिसऱ्या आवृत्तीत ‘इनपुट’ जे देते तो नेहमी मजकूरच असतो. त्याची संख्या आपण ‘इंट’ ने करून घ्यायची. ती करायला विसरून उत्तराला २ ने गुणलेत तर ३० येणार नाहीत. ‘१५१५’ येईल, कारण मजकुराची दुप्पट म्हणजे तोच मजकूर दोनदा. येथे नवी आवृत्तीही गप्प राहते. तेव्हा शहाण्या भाषेतही सावधपणा सोडून चालत नाही.

अर्ध्याचे काय करावे?

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडेल असा एक छुपा बदल ‘राउंड’ या आज्ञेत आहे. २.५ ची जवळची पूर्ण संख्या कोणती? २ आणि ३ दोन्ही सारख्याच अंतरावर. दुसरी आवृत्ती नेहमी वरची, म्हणजे ३ देई. तिसरी आवृत्ती २ देते. आणि ३.५ दिले तर? ४ देते! नियम असा की, बरोबर अर्धा आला तर जवळच्या सम संख्येकडे जावे.

हा नियम विचित्र वाटतो, पण अकरावीच्या भौतिकशास्त्रात सार्थ अंकांच्या प्रकरणात तुम्ही तोच शिकता. त्याचे कारण पडताळून पाहा. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ या चार वाचनांची बेरीज ८ आहे. प्रत्येक वाचन वरच्या संख्येकडे नेले तर १, २, ३, ४, बेरीज १०. सम संख्येकडे नेले तर ०, २, २, ४, बेरीज ८. पहिल्या रीतीत प्रत्येक वेळी चूक एकाच बाजूला साठत जाते, दुसऱ्या रीतीत चुका परस्परांना खोडतात. प्रयोगशाळेत आपण वाचने पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढतो, त्यामागील विचारही हाच.

जुने आणि नवे शेजारी शेजारी

नवी आवृत्ती आली म्हणून जुनी एका रात्रीत गेली नाही. सुरुवातीला अनेक उपयुक्त साधने जुन्या आवृत्तीवरच चालत होती. साधने नाहीत म्हणून लोक येईनात, आणि लोक नाहीत म्हणून साधने होईनात! जुन्या आवृत्तीची देखभाल २०१५ साली थांबणार होती, ती मुदत वाढवून १ जानेवारी २०२० करावी लागली. २.७.१८ ही तिची अखेरची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघाली. म्हणजे हे संक्रमण अकरा वर्षांहून अधिक काळ चालले.

आपल्या महाराष्ट्रातही त्याचे ठसे दिसतात. पवईच्या आय.आय.टी. मुंबईने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात मोफत साधनांवरचे छोटे दृक्‌-श्राव्य धडे तयार केले. त्यांतील पुष्कळ धडे मराठीतही ऐकता येतात. तेथील पायथनचे आरंभीचे धडे जुन्या आवृत्तीवर होते, पुढे ३.४.३ या आवृत्तीवर नवी मालिका करावी लागली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींच्या नोंदींतून आकाशाची चित्रे तयार करण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ ‘कासा’ नावाची आज्ञावली वापरतात. तिच्या पाचव्या मालिकेपर्यंत आत पायथनची दुसरी आवृत्ती होती. सहाव्या मालिकेत तिसरी आली. त्यामुळे संशोधकांनी स्वतःसाठी लिहिलेल्या आज्ञावल्याही तपासून घेणे भाग पडले.

केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन शिकवतात, तेही तिसऱ्या आवृत्तीतच. पण ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांत दुसऱ्या आवृत्तीची उदाहरणे आजही आढळतात. पुस्तक कोणत्या आवृत्तीचे, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे ‘प्रिंट’ नंतर कंस आहेत की नाहीत ते पाहणे. कंस नसतील तर ते पुस्तक टाकून देऊ नका; त्यातील भागाकार मात्र एकेक करून तपासा. शिक्षकांनी तर दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडून ‘असे का?’ हा प्रश्न वर्गाला जरूर विचारावा.

तिसऱ्या आवृत्तीच्या मालिकेत त्यानंतरही वेळोवेळी भर पडत आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३.१४ ही आवृत्ती निघाली. या आकड्याने वर्तुळाच्या अभ्यासकांना मौज वाटली असेल! या पुढच्या आवृत्त्यांत २००८ सारखी मोठी उलथापालथ झालेली नाही.

नवी आवृत्ती हाती आली की ‘काय काय नवे मिळाले?’ असे सारेच विचारतात. तुम्ही त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारा : ‘कोणत्या जुन्या चिन्हाचा अर्थ बदलला?’ आणि संगणकाचे उत्तर वहीत उतरवण्यापूर्वी एक साधे उदाहरण हाताने सोडवून ताडून पाहा. मात्र ते उदाहरण निःशेष भाग जाणारे घेऊ नका. ११३ ने फसगत झाली असती, १०० ने चूक उघडकीस आली.

करून पाहा

१. ७ / २, ७ // २ आणि ७ % २ यांची तिसऱ्या आवृत्तीतील उत्तरे सांगा. पहिल्याचे दुसऱ्या आवृत्तीत काय येई?

२. तीन चाचण्यांत ७०, ७५ आणि ८१ गुण मिळाले. सरासरी दोन्ही आवृत्त्यांत किती येईल?

३. ‘मूर्तिजापूर’ या शब्दाची लांबी तिसऱ्या आवृत्तीत किती? यूटीएफ-८ मध्ये बाइट किती लागतील? (सूचना : रफारातील पाय मोडण्याची खूणही मोजा.)

४. ‘राउंड’ ला ४.५ आणि ५.५ दिले तर तिसरी आवृत्ती काय उत्तरे देईल?

उत्तरे : (१) ३.५, ३ आणि १. दुसऱ्या आवृत्तीत ३. (२) दुसऱ्या आवृत्तीत ७५, तिसऱ्या आवृत्तीत ७५.३३… (३) लांबी ११, बाइट ३३. (४) ४ आणि ६.